गोष्ट ऐकून झाली, आता पुस्तक कोण उघडणार? (नागपुरातले गोष्टींचे कट्टे)

बेसारोडवाली

नमस्कार मंडळी.

आमच्या ले-आउटमधल्या देवळाच्या सभामंडपात दर शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम आता चांगला रुळलाय. सतरंज्या देवळाच्या, पंखे देवळाचे, पोरं आसपासच्या फ्लॅट स्कीममधली आणि मागच्या वस्तीतली. गर्दीची चिंता नाही. गोष्ट म्हटलं की मुलं येतातच, त्यात आमचं कौतुक काही नाही. प्रश्न त्यापुढचा आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतेय. गोष्ट ऐकून घरी गेलेलं मूल पुढे पुस्तक हातात घेतं का?

आमच्याकडे गोष्टी सांगणारे एकाहून एक आहेत. हातवारे, वाघाचा आवाज, मधेच गाणं. पोरं खूश. पण त्याच गोष्टी असलेली पुस्तकं कपाटात कोरी करकरीत. मग आमच्यातल्या एका ताईंनी गोष्ट तोंडपाठ असूनही पुस्तक हातात धरून वाचायला सुरुवात केली. चित्रं मुलांकडे, स्वतः बाजूनं वाकून वाचायचं. मान दुखते, इलाज नाही. म्हशीच्या पाठीवर बसणाऱ्या बगळ्याची साधीशी गोष्ट होती. पान उलटायच्या आधी त्या थांबल्या. पुढे बसलेला एक जण ओरडला, "आता म्हैस बसन पाण्यात!" दुसरा म्हणे, "नाही, बगळा उडन." पान उलटलं तर झालं तिसरंच. गोष्ट संपल्यावर चार-पाच जण थेट पुस्तकावर तुटून पडले. आधीच्या पानावर म्हैस खरंच हसत होती की नाही, यावर त्यांचं भांडण जुंपलं होतं आणि निकाल फक्त पुस्तकात होता.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. सांगणाऱ्याच्या हातात पुस्तक पाहिजे, आणि ते पुस्तक त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी घरी गेलं पाहिजे. पुढच्या शनिवारपर्यंत थांबलं की भूक मरते. आम्ही एक साधी वही ठेवलीय. मुलानं आपल्या हातानं नाव लिहायचं, पुस्तकाचं नाव लिहायचं, न्यायचं. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. एका बाईसाहेबांनी (वय वर्षं पाच) वहीत नुसती म्हैस काढलीय, आणि पुस्तक कुणाकडे आहे ते आम्हाला बरोबर कळतं.

तुमच्या भागात कोण काय करतंय? काय चालतं, काय चालत नाही, दोन्ही लिहा.

तर्रीपोहे

राजेहो, बरं झालं धागा काढला. आमच्याइकडे पण चालू हाये, मानेवाडा साइडले. एक काका येते, गोष्ट एकदम जबरदस्त सांगते. लेकरं श्वास रोखून बसते. आन् मंग काका शेवटी इचारते, "तर मुलांनो, या गोष्टीपासून आपण काय शिकलो?" झालं! पोट्टे लगेच चपला शोधून राहिले.

काकाले सांगाव कसं? वय मोठं, मान हाये. तुमच्यात कोणी असा पेच सोडवला काय?

जुना ग्रंथपाल

तर्रीपोहे, काकांना सांगू नका. त्यांना पुढची गोष्ट सांगायला लावा. एका बैठकीत लागोपाठ दोन गोष्टी ठेवल्या, की पहिलीचं तात्पर्य विचारायला वेळच उरत नाही.

बेसारोडवाली, तुमच्या वहीबद्दल वाचून आनंद झाला. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. त्या काळात बालविभागाचं कपाट कुलुपात आणि किल्ली साहेबांकडे, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलं की विचारू नका. पुस्तक फाटलं तर भरपाई कोण देणार, ही भीती. डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत 1931 साली मांडले. त्यातला पहिलाच असा आहे: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. इतकी उघड गोष्ट सिद्धांत म्हणून सांगावी लागली, कारण एके काळी युरोपात पुस्तकं साखळीनं कपाटाला बांधून ठेवत. आपल्याकडे साखळी नव्हती, कुलूप होतं.

पुस्तकांच्या सोयीबद्दल दोन शब्द. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं आपल्याकडे आहेत. त्यांचा बालविभाग बहुतेक वेळा ओस असतो. जवळच्या ग्रंथपालाकडे जाऊन, "महिन्याला एक गठ्ठा द्या, आमच्या जबाबदारीवर" असं विचारून बघा. पुस्तकांना वाचक मिळतात म्हटल्यावर नाही म्हणणारे कमी. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर 2015 पासून मराठी चित्रपुस्तकं मुक्त परवान्यानं मिळतात, छापून घ्यायलाही मुभा आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तकं खिशाला परवडतात. पैसे नाहीत म्हणून अडलंय, असं आता म्हणायची सोय राहिलेली नाही.

पोट्ट्याची माय

सगळं पटतंय हो, पण माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याला फक्त मोबाइल पाहिजे. गोष्टीच्या कार्यक्रमाला नेलं की तिथे रमतो. घरी आला की पुन्हा तेच. पुस्तक आणलं तर म्हणतो, "तू वाच." मी वाचायचं की त्याला वाचायला लावायचं? शाळेतल्या मॅडम म्हणतात, आता मोठा झाला, स्वतः वाचू द्या.

भंडारारोड

@पोट्ट्याची माय, तुम्हीच वाचा. शिक्षिका म्हणून सांगते. आठव्या वर्षी मुलाचे कान त्याच्या डोळ्यांच्या बरेच पुढे असतात. जी गोष्ट त्याला ऐकून कळते, मजा देते, ती वाचायला घेतली तर तो तिसऱ्या ओळीला अडखळतो आणि कंटाळतो. जी त्याला वाचता येते, ती त्याला बाळबोध वाटते. हे अंतर भरून येईपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस लागतं. मधेमधे एखादा संवाद त्याला द्या. वाघाचं बोलणं तो वाचेल, बाकी सगळं तुम्ही. आणि वाचताना विचारत राहा, मात्र परीक्षेसारखं नको. "वाघाचा रंग कोणता?" यात काही दम नाही. "वाघ असा का वागला असेल?" असं विचारा. 1988 मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अगदी लहान, दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना घेऊन हे तपासलं होतं. वाचन दोन्ही गटांतले आईवडील करत होते. ज्यांनी मुलाला बोलतं केलं, त्यांच्या मुलांची भाषा महिनाभरातच पुढे गेली.

आता माझं दुखणं. पारडी, कळमना भागात मी मुलांसोबत काम करते. बाजारात हमाली, बांधकामावर मजुरी करणारी घरं. कुणी छत्तीसगडचं, कुणी बालाघाटकडचं. मुलं घरात छत्तीसगढी बोलतात, गल्लीत नागपुरी हिंदी आणि शाळेत मराठी. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी इथे कुणी काल आणलेली नाही. तरी गोष्टीच्या कार्यक्रमाला येणारे आपले लोक शुद्ध पुस्तकी मराठीत सुरू करतात आणि मुलं नुसती बघत बसतात. मी काय करते, पुस्तक मराठीच धरते, ओळ जशीच्या तशी वाचते, आणि गप्पा हिंदीत. "देख, ये खेकडा बिल में क्यूँ घुसा?" मूल हिंदीत उत्तर देतं, मी पुढची मराठी ओळ वाचते. शब्द आपोआप तोंडात बसतात. यात भाषा बिघडते असं म्हणणारे भेटतात. भेटू द्या.

इंदोऱ्याचा

आमच्याकडे विहारात अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांना एक अट घातली: रविवारी सकाळी तासभर लहान मुलांना वाचून दाखवायचं. आधी कुरकुर झाली, "आमचा अभ्यास जातो". आता त्यांच्यातच नंबर लावावा लागतो, कारण आठवडाभर चालू घडामोडी घोकल्यावर ससा-कासव वाचायला त्यांनाही बरं वाटतं.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या वस्तीत पुस्तकाला मान आहे, बाबासाहेबांमुळे आहे. घरोघरी फोटोत ते पुस्तकांसोबत दिसतात. पण त्या मानामुळेच लहान मुलाला पुस्तकाला हात लावू देत नाहीत! "फाडशील, ठेव वर." दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून घरचे पोतंभर पुस्तकं आणतात, सगळी मोठ्यांची. मागच्या खेपेला आम्ही आयाबायांना म्हटलं, एक तरी पुस्तक पोराला निवडू द्या, कोणतंही. एका पोरीनं बेडकांच्या जातींचं पुस्तक उचललं. आई म्हणे हे काय कामाचं. आता ती पोरगी पावसाळ्यात नाल्याकाठी उभी राहून सगळ्यांना बेडूक ओळखून दाखवते.

गच्चीवरचा कूलर

उन्हाळ्याचं काय करता तुम्ही लोक? आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे सुट्टी लांबलचक आणि वेळच वेळ. पण पारा पंचेचाळीसवर. संध्याकाळी सातलासुद्धा फरशी भाजते. हॉलमध्ये घ्यावं तर कूलर लावावा लागतो, आणि कूलरच्या घरघरीत सांगणाऱ्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जात नाही. माइक लावला तर गोष्टीची मजा जाते, लग्नातल्या आभारप्रदर्शनासारखं वाटतं.

बेसारोडवाली

@गच्चीवरचा कूलर, एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी साडेसहाला गच्चीवर घेतो. पोरं अंथरुणातून तशीच उठून येतात, कुणी उशी घेऊन. आठच्या आत सगळं आवरायचं. जी मुलं सकाळी उठत नाहीत त्यांच्यासाठी दुपारी वेगळी सोय: कार्यक्रम नाही, फक्त पुस्तकं. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या एका काकूंच्या पुढच्या खोलीत पेटी ठेवलीय, वाटेल त्यानं जाऊन लोळत वाचावं. तिथे सांगणारं कुणी नसतं, आणि खरं वाचन तिथेच जास्त होतं असा माझा संशय आहे.

@भंडारारोड, हिंदीबद्दल अगदी सहमत. आमच्याकडे मारवाडी आणि तेलुगू घरं आहेत, तिथेही हेच.

@पोट्ट्याची माय, मोबाइलशी भांडू नका, हराल. झोपायच्या आधीची वेळ तेवढी पुस्तकाची ठेवा.

पुण्यात अडकलेली नागपूरकर

सगळ्यांचं वाचलं. थोडा विरोधी सूर लावते, रागवू नका.

प्रत्येक गोष्टीचा शेवट वाचनात झालाच पाहिजे का? माझी आजी अमरावतीकडची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं सांगितलेली काऊ-चिऊची गोष्ट माझ्या मुलीला मी सांगितली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. ही गोष्ट लीळाचरित्रात सापडते. म्हणजे तेराव्या शतकात चक्रधरस्वामी ती सांगत होते, आणि आजीपर्यंत ती कुठल्याही पुस्तकातून न जाता तोंडोतोंडी आली. आपण आता दर गोष्टीच्या मागे "वाचनाची गोडी" असा शिक्का मारतो. मुलांना लगेच कळतं की ही गोष्ट गोळी गुळात घालून दिलीय.

आणि पुस्तक हातात धरलं की सांगणाऱ्याचे डोळे पानात जातात. मुलांच्या डोळ्यांत बघून सांगितलेल्या गोष्टीची सर त्याला नाही. गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरच्या बालमंदिरात मुलांसमोर बसून गोष्टी सांगितल्या, त्या आधी गोष्टीच्या आनंदासाठी. पुस्तक नसेल तर गोष्ट सांगायची नाही, असा नियम करू नका एवढंच म्हणणं आहे.

तर्रीपोहे

वा! आता मजा येऊन राहिली.

बेसारोडवाली

@पुण्यात अडकलेली नागपूरकर, रागवायचं कशाला. काऊ-चिऊबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. आजीनं सांगायची गोष्ट आजीनंच सांगावी, तिच्या हातात पुस्तक देऊ नये.

पण एक बाजू बघा. तुमच्या घरी आजीही होती आणि पुढे पुस्तकंही आली. आमच्या मागच्या वस्तीतल्या घरांमध्ये पाठ्यपुस्तक सोडलं तर छापील म्हणून फक्त कॅलेंडर असतं. त्या मुलाला पुस्तक भेटायची जागा म्हणजे आमची सतरंजी. तिथेही मी नुसतं तोंडी सांगितलं, तर तो मोठेपणी म्हणेल, लहानपणी गोष्टी लय ऐकल्या. पुस्तकाचं दार त्याला कुणी दाखवलं नाही तर त्याला कसं सापडणार? शिक्का मी मारत नाही. पुस्तक मधे ठेवून बाजूला होते.

गुळातल्या गोळीचं मात्र मान्य. आमच्याकडे सक्तीनं पुस्तक न्यायला लावत नाहीत, बक्षीस नाही, "सर्वाधिक वाचणारा विद्यार्थी" वगैरे फलक नाही. एका शाळेनं आम्हाला 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला बोलावलं होतं. मुलांना मैदानात ओळीनं बसवलं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिलं, "आता वाचा" म्हटलं, फोटो काढले आणि पुस्तकं गोळा केली. एका मुलाला पान तीनवरून उठवलं. तो विचारत होता, उद्या हेच मिळेल का. उत्तर द्यायला कुणाला फुरसत नव्हती. असल्या प्रेरणेपेक्षा तुमच्या आजीची काऊ-चिऊ कधीही बरी.

भंडारारोड

दोन्ही बाजू जुळवणारा एक प्रयोग सांगते. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून आणतात. रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासूनची आपली नागपूरची प्रथा. आम्ही प्रत्येकाला विचारलं, तुझ्या बैलाचं नाव काय, तो रात्री कुठे जातो, त्याला कशाची भीती वाटते? मुलं जे बोलली ते मोठ्या मुलींनी जसंच्या तसं लिहून घेतलं, शब्दही न बदलता. एकाचा बैल रात्री चाकं काढून ठेवतो आणि मेट्रोनं बर्डीला जातो. एकाच्या बैलाला मिरवणुकीतल्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याची भीती वाटते. पानं दुमडली, चित्रं मुलांनी काढली, पुस्तक तयार. आमच्या पेटीत आता सगळ्यात मळलेलं पुस्तक ते आहे. ज्याला एरवी जोडाक्षर वाचता येत नाही, तो आपल्या बैलाचं पान घडाघडा वाचतो. पाठ आहे त्याला, मला माहीत आहे. पण बोट अक्षरांखालून फिरतंय आणि पुढे शेजारच्या मुलाच्या बैलाचं पान आहे, जे त्याला पाठ नाही.

म्हणजे आजीनं सांगावं, मुलांनी लिहावं, पुस्तक व्हावं. @पुण्यात अडकलेली नागपूरकर, चालेल का?

पुण्यात अडकलेली नागपूरकर

बैल मेट्रोनं बर्डीला! हे चालेल. नियम केलात तर पुन्हा भांडायला येईन.

पोट्ट्याची माय

भुलाबाईत आपण खिरापत ओळखायचो ना, डबा वाजवून, "गोड की तिखट?" तसं पुस्तकाचं करता येईल का? रुमालात गुंडाळून, दोन ओळी वाचून ओळखायचं की आत कशाची गोष्ट आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या सोसायटीत मुली जमतातच. मुलांनाही बोलवू.

बेसारोडवाली

हे मी उचलतेय! खऱ्या खिरापतीसकट. फल्लीदाणे-गूळ ठेवला तर आया पण थांबतील आणि त्यांनाही ऐकू जाईल.

इंदोऱ्याचा

एक अडचण राहिली. फाटलेली पुस्तकं. वापर वाढला तशी पानं सुटायला लागली. सेलोटेप लावून लावून पुस्तक जाड झालंय. मुलांनी वापरली म्हणून फाटली, त्याचं दुःख नाही. पण टिकवायची कशी?

जुना ग्रंथपाल

सेलोटेप ताबडतोब बंद करा. हळूहळू पिवळी पडते, चिकटा कागदात मुरतो आणि मग अक्षरंच वाचता येत नाहीत. मैद्याची पातळ खळ शिजवा, फाटलेल्या जागी पतंगी कागदासारखा पातळ पांढरा कागद लावा, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. ती मुलांच्या पुस्तकांत अजिबात नको, विषारी असते आणि लहान मुलं पानं तोंडात घालतात. खळ लागेल तेवढीच करा, उरलेली टाकून द्या.

सुटलेल्या पानांची पातळ पुस्तकं असतील तर स्टेपलर नको, पिना पावसाळ्यात गंजतात. मधल्या घडीवर दाभणीनं तीन भोकं पाडा, मेण लावलेला जाड दोरा मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, खालच्या भोकातून बाहेर काढा, पुन्हा मधल्या भोकातून आत आणा, आणि गाठ आतल्या बाजूला मारा. मोठ्या मुलांना शिकवलं तर तेच करतील. स्वतः शिवलेलं पुस्तक मूल सहसा फाडत नाही.

इंदोऱ्याचा

हे येऊन शिकवाल का आम्हाला? रविवारी सकाळी अभ्यासिकेत. चहा आणि तर्रीपोहे आमच्याकडून.

तर्रीपोहे

माह्यं नाव घेतलं म्हणजे मले यावंच लागन. काकाले पण आणतो संगं. हातात दाभण दिली का तात्पर्य इचारायले हात मोकळाच राहाणार नाही.

जुना ग्रंथपाल

येतो. मैदा आणि पातळ कागद तुम्ही आणा, दोरा माझ्याकडे भरपूर आहे. दाभण एकच आहे, ती पण जुनी. कुणाकडे आणखी असेल तर घेऊन या.